थंडीत केबिनचं आतलं काम: आधी बाष्पाचा बंदोबस्त, मग फळ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वतः उभारलेली साधारण २५ चौरस मीटरची लाकडी केबिन. लाकडी सांगाडा, बाहेरून फळ्या, छप्पर पूर्ण, दार-खिडक्या बसलेल्या. भिंतींत आणि छतात रॉकवूल (दगडाच्या तंतूंचं, ऊब अडवणारं इन्सुलेशन) निम्म्याहून जास्त भरून झालंय, त्यावर आतून अजून काहीच नाही. आतल्या फळ्या बाहेरच्या उघड्या शेडमध्ये रचून ठेवल्यात. पारा शून्याखाली गेलाय. गॅसचा हीटर लावला की काम करण्याइतकी ऊब येते, पण काही दिवसांतच छपराच्या आतून खिळ्यांच्या टोकांवर थेंब लोंबायला लागले. काम चालू ठेवावं की थंडी सरेपर्यंत थांबावं?

थांबायची गरज नाही. उलट आतलं काम थंडीत फार छान होतं, कारण बाहेरची हवा कोरडी असते आणि ती फुकट मिळते. पण तो हीटर आज बंद करा, आणि फळ्यांना हात लावण्याआधी पाण्याचा हिशेब समजून घ्या. हिवाळ्यातली आतली कामं थंडीमुळे सहसा बिघडत नाहीत, पाण्यामुळे बिघडतात.

२० अंश सेल्सिअसची हवा दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते. ० अंशाची हवा जेमतेम ५ ग्रॅम, आणि उणे १० अंशांची सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे उबदार हवा थंड पृष्ठभागाला टेकली की तिच्यातलं जास्तीचं पाणी तिथेच उतरणार. २० अंश तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली खोली आपल्याला कोरडीच वाटते, पण तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊन उतरू लागतं तो आकडा, ९ अंशांच्या वर असतो. छपराच्या फळ्यांची आतली बाजू त्याहून कितीतरी थंड आहे. खिळा तर बाहेरची थंडी थेट आत आणतो, म्हणून पहिला थेंब त्याच्या टोकावर दिसतो. रात्री त्याचं पांढरं दहिवर होतं, दिवसा हीटर लागला की वितळतं, आणि आठवड्याभरात खिळ्याभोवती लाकडावर तपकिरी कडं उमटतं. ते कडं दिसलं की समजायचं, तिथे पाणी नुसतं आलं नाही, मुरलंय.

आता हे पाणी आलं कुठून? बरंचसं तुमच्या हीटरमधूनच. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. धुराडं नसलेल्या हीटरमधून ते सगळं खोलीतच राहतं. केरोसीनचंही तेच: १ लिटर जाळलं की जवळजवळ १ लिटर पाणी. त्यात माणसांचा श्वास, बुटांना चिकटून आलेला बर्फ आणि आत आणलेलं ओलं लाकूड मिळवा. शिवाय बंद जागेत असा हीटर कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, आणि त्याला ना वास ना रंग. कुठलीही ज्वाला आत जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय तिथे काम करू नका, झोपणं तर दूरच.

वीज असेल तर साधा इलेक्ट्रिक हीटर घ्या. तुमच्या आकाराच्या, इन्सुलेशन पूर्ण झालेल्या केबिनला २ किलोवॅट सहसा पुरतो. वीज नसेल तर धुराडं असलेला लाकडाचा स्टोव्ह उत्तम: ज्वलनातलं पाणी धुराड्यातून बाहेर जातं आणि जाता जाता खोलीतली दमट हवाही ओढून नेतं. फक्त सरपण आत रचून वाळवू नका. ओल्या सरपणाचा ढीग स्टोव्हशेजारी ठेवला की त्यातलं सगळं पाणी तुमच्या भिंतींच्या वाट्याला येतं. एका वेळेपुरतं आत आणा, बाकी बाहेर आडोशाला राहू द्या.

तापमानाबद्दल माझा आग्रह आहे: कमी चालेल, पण सारखं हवं. दिवसा २५ अंश आणि रात्री शून्य, यापेक्षा दिवसरात्र १२ ते १५ अंश कितीतरी चांगलं. दिवसा गरम हवेने धरलेलं पाणी रात्री तापमान पडलं की सगळ्यात थंड कोपरा शोधून तिथे बसतं. रात्रभर ऊब टिकवणं जमणार नसेल तर संध्याकाळी निघण्यापूर्वी दारं-खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा, मग बंद करून जा. याचा हिशेबही सोपा आहे. तुमच्या केबिनमध्ये साधारण ६० घनमीटर हवा आहे. १५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्यात अर्धा किलोहून थोडं जास्त पाणी आहे. ती सगळी हवा जाऊन उणे ५ अंशांची हवा आत आली की एका हवापालटात ३०० ग्रॅमहून जास्त पाणी बाहेर गेलं. हवा बदलली म्हणून ऊब फारशी जात नाही, कारण ती हवेपेक्षा लाकडात आणि सामानात साठलेली असते. आर्द्रता शोषणारं यंत्र आणायचा विचार असेल तर एवढं पाहा: गारठ्यात कॉइलवाल्या यंत्राच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि ते थकतं. थंड जागेत शोषक चाक असलेलं यंत्र चालतं. पण खऱ्या हिवाळ्यात खिडकी उघडणं हाच बहुतेक वेळा पुरेसा उपाय असतो.

पुढे जाण्याआधी छतातून रॉकवूलचे दोन-तीन तुकडे बाहेर काढा आणि त्यांची थंडीकडची बाजू हाताने चाचपा. दहिवर किंवा ओल असेल तर तेवढे तुकडे काढून कोरड्या हवेत वाळवा आणि परत बसवा. रॉकवूल पाण्याने कुजत नाही, पण ओलं असेपर्यंत ऊब अडवत नाही, आणि त्याला लागून असलेलं लाकूड मात्र बुरसतं. त्याच वेळी छपराच्या फळ्या आणि रॉकवूल यांच्यामधली हवेची फट तपासा. वळचणीपासून आढ्यापर्यंत निदान ५० मिलिमीटर मोकळी वाट हवी. वासे भरताना उत्साहात रॉकवूल वर दाबून ही वाट बुजवली जाते, आणि मग आत शिरलेलं बाष्प बाहेर पडायचा रस्ताच उरत नाही.

आता मुख्य गोष्ट. इन्सुलेशन आहे, पण आतून बाष्परोधक पडदा नाही, आणि तरी आत ऊब चालू आहे: या अवस्थेत केबिन एक दिवसही ठेवू नये असं माझं मत आहे. रॉकवूलमधून हवा आरपार जाते. त्यामुळे उबदार दमट हवा सरळ थंड फळीपर्यंत पोचते. म्हणून क्रम असा धरा: वायरिंग आणि पाइप आधी, मग इन्सुलेशन, लगेच त्यावर पडदा, आणि पडदा लागल्यावरच खरी ऊब. काम तुकड्यांत करायचं असेल तर छतापासून सुरुवात करा. गरम हवा वर जाते, वरच्या फटींतून दाबाने बाहेर पडते, त्यामुळे छतातली एक बोटभर फट भिंतीतल्या फटीपेक्षा जास्त नुकसान करते.

हे सगळं लांब, थंड हिवाळ्याच्या प्रदेशासाठी सांगतोय. जिथे उन्हाळा दमट असतो आणि आत एसी चालतो, तिथे बाष्प उलट्या दिशेने प्रवास करतं आणि आतला प्लास्टिकचा पडदा घातक ठरतो. तसंच भिंत भरीव ओंडक्यांची असेल तर प्रकरण वेगळं. ओंडके वाळत जातात आणि भिंत खाली बसते, ओंडक्याच्या प्रकारानुसार दर मीटर उंचीमागे १० ते ५० मिलिमीटर. तिथे आतली कुठलीही उभी चौकट वर-खाली घट्ट ठोकायची नसते. तुमचा सांगाडा उभ्या खांबांचा आहे, त्यामुळे ही काळजी तुम्हाला नाही.

पडदा म्हणजे ०.२ मिलिमीटर जाडीचं, याच कामासाठी बनवलेलं पॉलिथिन. दोन पट्ट्यांची एकमेकींवर १०० ते १५० मिलिमीटर चढ हवी, आणि ती चढ अधांतरी नको. मागे खांब किंवा वासा यायलाच हवा, नाहीतर टेप दाबायला पाठीशी काही राहत नाही. टेप लावण्याकडे बारकाईने लक्ष द्या, कारण थंडीत सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच आहे. गारठलेल्या टेपचा चिकटपणा गोठलेला असतो. ती लागल्यासारखी दिसते आणि आठवड्यात सुटते. टेपची रिळं उबदार जागी ठेवा, हातातलं रीळ कोटाच्या आतल्या खिशात. पडदा कोरड्या फडक्याने पुसा, कारण भुश्याच्या धुळीवर कुठलीच टेप टिकत नाही. टेप ताणून लावू नका. मोकळी ठेवून मधून कडेकडे तळहाताने जोर देऊन घासत जा. घासल्यावर टेपचा रंग थोडा गडद होतो आणि खालच्या प्लास्टिकची सुरकुती तिच्यातून दिसायला लागते. तसं झालं की ती खरी बसली. कोपऱ्यांत पडदा ढोलकीसारखा ताणू नका, बोटभर सैल सोडा. नाहीतर फळ्या ठोकताना तो नेमका तिथेच फाटतो.

विजेच्या पेट्यांसाठी पडद्याला भोकं पाडण्यापेक्षा पडद्याच्या आतल्या बाजूने ४५-५० मिलिमीटरच्या पट्ट्या मारा आणि वायर, स्विचच्या पेट्या त्या पोकळीत बसवा. पोकळीतही रॉकवूल भरता येतं, फक्त एकूण इन्सुलेशनच्या पाव हिश्शाहून जास्त पडद्याच्या आत येऊ देऊ नका. नाहीतर पडदाच दवबिंदूखाली जातो. पट्ट्या मारण्याआधी, वारा असलेल्या दिवशी, पेटती उदबत्ती घेऊन सगळे सांधे फिरा. धूर सरळ वर न जाता कुठे थरथरला किंवा आत ओढला गेला की तिथे अजून एक टेप. पडद्याजवळ उदबत्तीचं पेटतं टोक मात्र जपा. पट्ट्या आणि फळ्या लागल्यावर ती फट सापडणार नाही, हा तपास करायची वेळ हीच.

फळ्यांकडे वळतो, कारण लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. लाकूड आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेत राहतं. २० अंशांना हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातली ओल ६ टक्क्यांवर स्थिरावते, ५० टक्क्यांना ९, ६५ टक्क्यांना १२ आणि ८० टक्क्यांना १६ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या उघड्या शेडमधल्या फळ्या आज बहुधा १६ ते १८ टक्क्यांवर असतील. पाइनची, वर्षवलयांना समांतर कापलेली फळी ओल १ टक्क्याने बदलली की रुंदीत साधारण पाव टक्का बदलते. १२० मिलिमीटर रुंद फळी १६ वरून ८ टक्क्यांवर आली तर जवळजवळ अडीच मिलिमीटर आकसते. अशा तीसेक फळ्यांची भिंत मोजा. आज एकमेकांना घट्ट भिडवलेल्या फळ्यांमध्ये दोन महिन्यांत नखं शिरतील.

म्हणून पडदा लागल्यावर फळ्या आत आणा, वेष्टन पूर्ण काढा, आणि दोन थरांमध्ये आडव्या काठ्या ठेवून रचा, म्हणजे प्रत्येक फळीला चारी बाजूंनी हवा लागेल. स्टोव्हच्या अगदी जवळ नको, एका बाजूने तापली की फळी वाकते. किती दिवस ठेवायच्या हे कॅलेंडर सांगणार नाही, ओलमापक सांगेल. दोन टोकं रुतवायचं साधं यंत्र पुरतं, पण गारठलेल्या लाकडावर ते खरी ओल असते त्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. बाहेर शेडमध्ये मोजून 'कोरडी आहे' म्हणू नका. आत आणून, लाकूड उबल्यावर, फळीच्या मधोमध मोजा. लागोपाठ काही दिवस आकडा हलला नाही की लाकूड तयार.

पण तयार म्हणजे किती, हे केबिन तुम्ही कशी वापरणार त्यावर ठरतं. वर्षभर राहणार असाल तर ८ टक्क्यांच्या आसपास ठोका. अधूनमधून येणार असाल, बाकी दिवस केबिन बिनऊबेची राहणार असेल, तर लाकूड वर्षाचा बराच काळ १२ टक्क्यांवर किंवा त्याहून ओलं असणार. तेव्हा ते ६ टक्क्यांपर्यंत वाळवून घट्ट ठोकणं म्हणजे उन्हाळ्यात जमीन फुगवून उठवणं. बाहेरची ० अंशाची पूर्ण दमट हवाही आत २० अंशांना आली की तिची सापेक्ष आर्द्रता २६ टक्क्यांवर येते, त्यामुळे जोरात पेटवलेल्या केबिनमध्ये लाकूड बघता बघता गरजेपेक्षा जास्त वाळतं. अशा केबिनला मी १० ते १२ टक्के धरतो, आणि त्यासाठी ऊब मुद्दाम मंद ठेवतो.

टंग अँड ग्रूव्ह फळ्या (एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला ती बसायची खाच) लावणार असाल तर ठोकण्यापूर्वी प्रत्येक फळीच्या जिभेला रंगाचा किंवा तेलाचा एक हात द्या. फळ्या थोड्या तरी आकसणारच, आणि मग प्रत्येक सांध्यात कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ दिसते. भिंत लागल्यावर ती झाकायला ब्रश आत जात नाही. एका दुपारचं कंटाळवाणं काम आहे, पण पुढची सगळी वर्षं भिंत बघताना ते केलं याचं समाधान वाटतं. रुंद फळी दोन्ही कडांना खिळू नका, जिभेतून तिरका एकच खिळा मारा, म्हणजे तिला हलायला जागा राहते. जमिनीच्या फळ्या सगळ्यात शेवटी लावा आणि भिंतीपाशी चहूबाजूंनी १० मिलिमीटर मोकळे सोडा. तोवर खालच्या प्लायवर पुठ्ठे अंथरून ठेवा आणि दाराशी बूट झाडायची सवय सगळ्यांना लावा.

भिंतीला जिप्सम बोर्ड लावू का, असंही तुम्ही विचारलंय. थंडीत, अर्ध्या सोयींमध्ये, मी लाकडाच्या बाजूने आहे. बोर्डच्या सांध्यांची पुट्टी हे ओलं काम. तिला आधीपासून आणि पूर्ण वाळेपर्यंत अखंड १० अंश तरी लागतात, शिवाय ती आपलं सगळं पाणी खोलीत सोडते. मोरीतल्या टाइल्सचंही तसंच, त्या भिंती-जमिनीचं तापमान ५ अंशांच्या वर असताना लावा आणि त्या दिवसांत हवापालट वाढवा.

रंग, वॉर्निश, गोंद यांच्या डब्यावर किमान तापमान लिहिलेलं असतं. पाण्यात मिसळणाऱ्या बऱ्याच रंगांना ते १० अंश असतं. तो आकडा हवेचा समजू नका, भिंतीचाही तेवढाच हवा. खोलीच्या मध्यावर १५ अंश असले तरी बाहेरच्या कोपऱ्यात फळी ७-८ अंशांची असू शकते. तिथे थर नीट जुळून येत नाही आणि पुढे पावडरीसारखा झडतो. पांढऱ्या गोंदाचंही तेच: फार थंडीत वाळला तर सांध्यात खडूसारखी पांढरी रेघ दिसते आणि तो सांधा हाताने सुटतो. हे सगळे डबे रात्री उबेत राहायला हवेत. पाण्याचा रंग एकदा गोठून फुटला की ढवळून परत जुळत नाही. फटी भरायच्या फोमचे डबेही वापरण्यापूर्वी उबेत ठेवा, आणि हवा फार कोरडी असेल तर फोम मारण्याआधी फटीवर पाण्याचा बारीक फवारा द्या, कारण तो ओलाव्यानेच कडक होतो.

घासकाम करताना दिव्याचा प्रकाश समोरून घेऊ नका. दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश सोडा, सँडपेपरचा प्रत्येक ओरखडा सावलीसकट उठून दिसतो. हिवाळ्यात दिवस लहान, बरंचसं काम दिव्यातच होतं, त्याचा हा एक फायदा करून घ्या. लिथियमच्या बॅटऱ्या शून्याखाली चार्ज करू नका, आधी उबेत येऊ द्या. बाहेरून आणलेला रंधा किंवा करवत आत येताच पाणी धरते, पुसून ठेवा.

दोन धोके मात्र गंभीर आहेत. जवस तेल किंवा तेलाचं पॉलिश पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली की ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात, काडी न लावता. ती बाहेर एकेरी पसरून वाळवा किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. दुसरं, टर्पेंटाइनसारखा द्राव असलेलं काहीही लावताना स्टोव्ह विझलेला हवा आणि खिडक्या उघड्या. थंडीत कोणालाच खिडकी उघडावीशी वाटत नाही, नेमकी तेव्हाच वाफ साठते. अशी कामं मी तर हवा उबदार होईपर्यंत पुढे ढकलतो आणि हिवाळ्यात पाण्याच्या वॉर्निशवर भागवतो.

स्टोव्हच्या मागची भिंत, धुराड्याचं छतातलं भोक आणि खालची न जळणारी फरशी ही कामं फळ्यांच्या आधी पूर्ण करा. स्टोव्हच्या पाटीवर लिहिलेलं अंतर किमान समजा. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड कोऱ्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेतं, त्यामुळे 'हात लावून बघितलं, फार गरम नाही' हा पुरावा धरू नका. प्लास्टिकचा पडदा धुराड्यापर्यंत नेऊ नका. तिथे धुराड्यासोबत मिळणारी कॉलर आणि उष्णता सोसणारं सील वापरा.

पाण्याचे नळ या हिवाळ्यात चालू करणार असाल तर पाइपांना एका दिशेने उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी रिकामं करायचा नळ बसवा. केबिन सोडताना तो उघडा ठेवायचा.

केबिन बंद करून जाताना स्टोव्ह विझल्यावर लगेच कुलूप लावू नका. आतली गरम हवा खिडक्यांतून पूर्ण जाऊ द्या, मगच बंद करा. छताजवळची आणि जमिनीजवळची अशा दोन झडपा कायम थोड्या उघड्या राहू देत. स्कर्टिंग, दारा-खिडक्यांच्या कडेच्या पट्ट्या आणि छत-भिंतीच्या सांध्यातली पट्टी यंदा नुसती बारीक खिळ्यांनी टाचून ठेवा, पक्की ठोकू नका. लाकडाने एक पूर्ण उन्हाळा पाहिला की कुठे किती फट उघडली-मिटली ते स्पष्ट दिसेल, आणि पट्ट्या त्या मापाने एकदाच कापता येतील.